कार्बोरेटर खोलला खरा, पण गाडी धड चालेना

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलणं अवघड नाही. दोन-चार पाने, एक चांगला पेचकस आणि अर्धा तास असला की कोणाच्याही हातून खोलून होतो. गडबड सुरू होते ती परत बसवल्यावर. जी गाडी आधी नुसती चढावर हाफत होती ती आता पेट्रोल गाळते, रेस धरून बसते, नाहीतर चोक ओढल्याशिवाय उभीच राहत नाही. मग माणूस चिडून पुन्हा खोलतो, घाईत आणखी एका स्क्रूचं तोंड खराब करतो, आणि शेवटी गाडी तालुक्याला नेतो. मेकॅनिक पैसे घेतो ते घेतोच, वर ‘कशाले हात लावला होता’ हेही ऐकवतो.

खोलण्याआधी जी तक्रार नव्हती आणि बसवल्यावर आली, ती बहुतेक वेळा आपल्याच हातानं आलेली असते. म्हणून नवा रोग शोधत बसू नये. आपण कशाकशाला हात लावला ते आठवावं आणि शेवटच्या कामापासून उलटं मागे जावं. हा लेख त्याच रीतीनं लिहिला आहे. साफसफाई थोडक्यात, फसलेली कामं सविस्तर.

हे सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, डिस्कव्हर, प्लॅटिना, स्टार सिटी, शाईन, जुनी बॉक्सर, आणि गावात अजून धडधडत असेल तर राजदूतसुद्धा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. तुमची गाडी तशी असेल तर पुढचं काही तिला लागू नाही, तिकडे पेचकस नेऊ नका.

आधी बघा, दोष कार्बोरेटरचाच आहे का

गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, ॲव्हरेज पडला, की पहिला संशय कार्बोरेटरवर. पण त्याचं सोंग हुबेहूब वठवणाऱ्या इतर गोष्टी आहेत आणि त्या तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

आपल्याकडे पहिला मान एअर फिल्टरचा. फेब्रुवारीपासून पांदण रस्त्यावर काळ्या मातीचा फुफाटा असतो, ट्रॅक्टरच्या मागे गाडी चालवली की तो सगळा फिल्टरमध्ये जातो. गाडी महिना-दोन महिने कोठ्यात उभी असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कुटार आणि कापूस आणून घर केलेलंही सापडतं. हवा कमी पडली की पेट्रोल जास्त जळतं, प्लग काळा पडतो, आणि दोष विनाकारण कार्बोरेटरच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर पन्नी बांधायची पद्धत आहे, किंवा रेक्झिनचं कव्हर घट्ट बसलेलं असतं. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर मस्त चालते, मग विझते, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. अशी गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच उरलं नाही.

तिसरं, पेट्रोल. कार्बोरेटरकडची नळी काढून पारदर्शक बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. बाटली पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळून जातं, प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं. टाकी न धुता कार्बोरेटर धुतला तर आठ दिवसांत पुन्हा तेच काम निघतं.

प्लग, प्लगची टोपी आणि टॅपेटची (इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटीची) सेटिंगही बघून घ्या. आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी ओढत नाही म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बदलायला जाऊ नका. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटरवर आहे, तिथे हवा विरळ असते. खाली उतरलं की गाडी आपोआप ठीक होते.

जागा, वेळ आणि हत्यारं

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत काय होत असेल ते सांगायला नको. काम उघड्यावर, कडुनिंबाच्या सावलीत करा. चूल, अगरबत्ती, बिडी, आणि मुख्य म्हणजे पऱ्हाटीचा ढीग आणि कुटार लांब असू द्या. इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोल तोंडानं ओढू नका आणि जेट ओठांत धरून फुंकू नका.

ज्या दिवशी गाडीवाचून अडणार नाही असाच दिवस निवडा. पेरणीच्या धांदलीत किंवा दिवे लागणीला सुरुवात केली तर घाई होते, आणि पुढचे अर्धे घोटाळे घाईचे असतात.

खाली खताचं रिकामं पांढरं पोतं धुऊन, फाडून अंथरा. अंगणातल्या मातीत पडलेला पितळी जेट सापडत नाही. लोहचुंबक फिरवून उपयोग नाही, पितळ चुंबकाला चिकटत नाही. सुटे भाग काढलेल्या क्रमानं एका ताटलीत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा. पुसायला जुन्या टेरिकॉट शर्टाचा तुकडा घ्या, कापूस किंवा बनियन नको. का नको ते पुढे येईल.

पेचकसावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण बहुतेक कामं तिथेच फसतात. आपल्या गाड्यांचे कार्बोरेटर केहिन किंवा मिकुनी या जपानी कंपन्यांच्या घडणीचे, आणि त्यांच्या अधिक-खुणेच्या स्क्रूची खाच जपानी मापाची असते. बाजारातला साधा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर उचलला जातो आणि तोंड खाऊन टाकतो. टोक खाचेत घट्ट बसेल, हलणार नाही, असा पेचकस शोधूनच कामाला लागा.

काढताना

कॉक बंद करा. खालच्या वाटीचा, म्हणजे फ्लोट चेंबरचा, ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत उतरवा. पेट्रोलची नळी काढा. एअर फिल्टरकडच्या रबरी नळीची पट्टी सैल करा. इंजिनच्या बाजूचे दोन नट, बहुतेक गाड्यांना 10 नंबरच्या पान्यानं निघतात, ते काढा. वरचं झाकण उघडलं की कार्बोरेटरचा पिस्टन (मुठीबरोबर वर-खाली सरकणारा, इंजिनचा नव्हे), त्याला लटकलेली लांब सुई म्हणजे नीडल, आणि स्प्रिंग केबलसकट वर येतात. ते केबलपासून सोडवू नका. स्वच्छ कापडात गुंडाळून हँडलला बांधून ठेवा. नीडल वाकडी झाली की ती सरळ करून काम होत नाही. काही गाड्यांच्या कार्बोरेटरला बाजूला सेन्सरची वायर असते, ती ओढू नका, कुलूप दाबून काढा.

वाटीचे स्क्रू अडले तर लगेच जोर करू नका. स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीनं हलका ठोका मारा, मग आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा आणि नंतर सोडवा. तोंड पुरतं गेलं असेल तर लॉकिंग पक्कडीनं डोकं धरून फिरवा. निघाल्यावर तोच स्क्रू परत लावू नका, त्याच मापाचा एलन-की स्क्रू लावा. पुढच्या खेपेला सुख होईल.

फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या भागाची, पिन काढताना दोन्ही टोकं बघून घ्या. काही कार्बोरेटरांत तिचं एक टोक जाड असतं आणि ती एकाच बाजूनं निघते. उलटीकडून ठोकली तर पिन धरणारा खांब मोडतो आणि मग सबंध बॉडी बदलावी लागते. या सगळ्या कामात इतकी महाग चूक दुसरी नाही.

मिक्श्चर स्क्रू, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेऱ्या बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. आत टेकला की थांबा. आवळला तर सुईसारखं टोक बसून जातं किंवा मोडून आत अडकतं. स्क्रूच्या मागे स्प्रिंग, मग बारीक वायसर, मग ओ-रिंग असा क्रम असतो. स्क्रू आणि स्प्रिंग बाहेर येतात, वायसर आणि ओ-रिंग मात्र भोकातच चिकटून राहतात. ते लक्षात आलं नाही तर दोन घोटाळे होतात: साफ करताना स्प्रेनं ओ-रिंग फुगते, किंवा बाजारच्या दुरुस्ती किटमधली नवी रिंग जुनीवरच चढते आणि सेटिंग कधीच बसत नाही.

साफ करताना

रबराचा एकही तुकडा अंगावर असताना कार्बोरेटर क्लीनर मारू नका. वाटीचं पॅकिंग, ओ-रिंगा, आणि शाईन, युनिकॉर्न, पल्सरसारख्या गाडीचा पातळ रबरी पडदा, सगळं आधी बाजूला काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. या भोकात मारलेला स्प्रे त्या भोकातून सरळ डोळ्यात येतो.

जेट आकाशाकडे धरून बघा. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. मेन जेट सहसा मोकळा सापडतो, गोंद धरतो तो पायलट जेट, त्याचं भोक फार बारीक. त्यात पिन, सुई, लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ, भोक क्षणात मोठं होतं, आणि त्यानंतर ॲव्हरेज गेला तो गेला. क्लीनरमध्ये भिजवून ठेवा, लागलंच तर वायरमधला तांब्याचा एकच तंतू फिरवा. काही जण पितळ उजळतं म्हणून चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात सबंध कार्बोरेटरच बुडवतात. बॉडी जस्त-ॲल्युमिनियमची असते, आंबट पाण्यानं तिला खड्डे पडतात.

हवा मारायला सायकलचा पंप पुरतो. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असेल तर फ्लोट आणि पडदा काढूनच न्या, हवेच्या दाबानं दोन्ही खराब होतात. फवारणीच्या पंपाचा तर विचारही नको, त्यात औषधाचे अंश राहिलेले असतात.

झालेली सफाई तपासायची एक खूण आहे. पायलट जेटच्या जागेतून स्प्रे मारा. तो मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून आणि इंजिनच्या बाजूला गळ्यात (हवा जाते त्या मोठ्या भोकात) असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर आला पाहिजे. एकातूनही येत नसेल तर बाहेरून कितीही चकाकला तरी कार्बोरेटर बंदच आहे.

जोडताना जेट आखूड पेचकसानं, दोन बोटांच्या जोरावर बसवा. वाटीचं पॅकिंग पेट्रोलनं फुगून खोबणीत बसत नसेल तर दाबून कोंबू नका. काही तास सावलीत वाळू द्या, बरेचदा ते आकसून जागेवर येतं. नाही आलं तर नवं आणा. सिलिकॉनचा गम लावून भागवू नका, तो पेट्रोलमध्ये फुगतो आणि त्याचे तुकडे थेट जेटमध्ये जाऊन बसतात.

आणि गाडीला लावण्याआधी एवढं कराच: कार्बोरेटर हातात सरळ उभा धरा, पेट्रोलची नळी जोडा, कॉक उघडा. वाटी भरली की पेट्रोल आपोआप थांबलं पाहिजे. दोन मिनिटं थांबून थेंब बघा. गळती इथेच दिसली तर नट पुन्हा खोलायचे वाचले.

ओव्हरफ्लो: सगळ्यांत जास्त भेटणारा दोष

मे महिन्यातली गोष्ट. शेजारचा पोरगा दुपारभर स्प्लेंडर घेऊन बसला होता. गाडीखाली मातीत ओला गोल डाग, वर नळीतून टपटप.

“काका, पेट्रोल तं गयतेच हाय. दोनदा खोललं म्या.”

“कॉक बंद कर आधी. कायनं पुसलं होतं?”

“कापसानं. घरी लय पडला हाय.”

वाटी खोलली, फ्लोटची पिन सरकवली, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उजेडात धरला. त्याच्या काळ्या रबरी टोकावर कापसाचा एक तंतू आडवा चिकटलेला होता. डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना. तेवढ्या तंतूनं व्हॉल्व्ह बसू दिला नव्हता. बैठक टेरिकॉटच्या तुकड्यानं पुसली, क्लीनरचा एक फवारा मारला, टपटप थांबली. ऐन कापसाच्या मुलखात कार्बोरेटरजवळ कापूस नको म्हणतो तो यासाठी.

यंत्रणा घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखीच. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि व्हॉल्व्ह दाबून धरतो. तो का दाबत नाही, हे क्रमानं बघायचं.

आधी न खोलता वाटीवर पेचकसाच्या मुठीनं दोन-तीन टिचक्या मारा, अडकलेला फ्लोट सुटतो. मग कॉक उघडा ठेवून ड्रेन स्क्रू थोडा सोडा, पेट्रोल पाच-सात सेकंद बाटलीत वाहू द्या, कण असेल तर वाहून जातो. ड्रेन स्क्रू परत बंद करताना लक्ष द्या. पुष्कळ कार्बोरेटरांत ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच नळीतून बाहेर पडतात, त्यामुळे ड्रेन स्क्रू नीट न बसल्याची गळतीही ओव्हरफ्लोसारखीच दिसते. तो स्क्रू बघितला नाही म्हणून सबंध कार्बोरेटर खोलणारे लोक आहेत.

तरी गळत असेल तर खोला. व्हॉल्व्हच्या रबरी टोकाला गोल खाच पडली असेल तर तो बदलायचा. व्हॉल्व्ह फ्लोटच्या जिभेत नीट अडकवला आहे का, फ्लोट पॅकिंगला घासतो का, हे बघा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे फट दाखवतात. पाणी अर्थातच घरात तापवून बाहेर आणायचं. वाटीत मध्येच उभी पितळी नळी असेल तर तिला बारीक चीर नाही ना तेही बघा, पातळी बरोबर असूनही त्या चिरेतून गळत राहतं.

पातळी तपासायला पारदर्शक नळीचा एक तुकडा ड्रेनच्या तोंडाला लावा, तो वाटीच्या बाजूनं वर उभा धरा आणि ड्रेन स्क्रू सोडा. नळीतलं पेट्रोल वाटीच्या जोडाच्या किंचित खाली थांबलं पाहिजे. फ्लोटची जीभ धातूची असेल तर ती अगदी थोडी वाकवून पातळी बसवता येते. प्लास्टिकची असेल तर वाकवू नका.

ओव्हरफ्लो थांबला की आणखी एक काम बाकी असतं आणि ते हमखास राहतं. इंजिन ऑइलची काडी काढा आणि वास घ्या. ओव्हरफ्लोची नळी बुजलेली असेल तर पेट्रोल मागे सिलिंडरमध्ये जातं आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइल वाढलेलं दिसलं, तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर चालवलं तर इंजिनचा पिस्टन आणि बेअरिंग खराब होतात, आणि तो खर्च पॅकिंगच्या कितीतरी पट.

रेस चढली, उतरतच नाही

बसवल्यावर किक मारण्याआधी मूठ फिरवा आणि सोडा. पिस्टन खाली आपटल्याचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर किक मारू नका. पिस्टन उलटा बसला आहे किंवा त्याची खाच बॉडीतल्या खिळ्यावर आलेली नाही. पिस्टनचा कापलेला भाग नेहमी एअर फिल्टरकडे. अशा अवस्थेत गाडी सुरू झाली तर पूर्ण रेसवर किंचाळते. तेव्हा मूठ मागे-पुढे करण्यात वेळ घालवू नका, चावी बंद करा.

पिस्टन बरोबर असून रेस चढलेली असेल तर केबल बघा. मुठीला थोडी मोकळीक हवी, तीन-चार मिलिमीटर तरी. गाडी स्लोवर, म्हणजे मूठ सोडलेली असतानाच्या बारीक रेसवर, ठेवून हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा. वळवताना रेस वाढली तर केबल टाकीखाली दबली आहे.

केबलही ठीक असेल तर बाहेरची हवा आत शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली ओ-रिंग बसवायची राहते किंवा खोबणीतून निसटून चिमटते. शोधायला इंजिन स्लोवर ठेवून जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाका. आवाज बदलला की जागा सापडली. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर मारायला सांगतात. तापलेल्या इंजिनवर तसलं काही करू नका. दोन नट आवळताना एकदा हा, एकदा तो, असं थोडं थोडं आवळा. एकच नट आधी करकचून आवळला की कार्बोरेटरचा कान (नट बसतात ती सपाट कडा) वाकतो आणि नवी ओ-रिंगही हवा थांबवत नाही. कान सरळ आहे का ते स्टीलची पट्टी लावून, उजेडाकडे धरून कळतं.

कोणत्या टप्प्यावर अडते, त्यावरून जागा ओळखा

मूठ बंद ते आठवा भाग उघडी असेपर्यंत काम पायलट जेटचं. तिथून पाव भागापर्यंत पिस्टनच्या कापलेल्या कडेचा वाटा मोठा. पाव ते पाऊण नीडल. त्यापुढे मेन जेट. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी काढा.

चोक ओढला तरच चालते, चोक सोडला की विझते, म्हणजे पायलटचा रस्ता बंद किंवा बाहेरची हवा शिरते. आधी मघाशी सांगितलेली साबणाच्या पाण्याची चाचणी, मगच खोलणं. मधल्या टप्प्यात अडखळत असेल तर नीडलची क्लिप बघा. साफ करताना ती निसटते आणि भलत्याच खाचेत बसते. क्लिप खालच्या खाचेत लावली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं, वरच्या खाचेत लावली की उलट. पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये याच टप्प्यावर गाडी मेल्यासारखी झाली तर पडदा उजेडात ताणून भोक शोधा. झाकणाखाली त्याची कडा चिमटून कापली जाते, आणि ती बसवणाऱ्याच्या हातून.

फुल रेसवर दम तुटत असेल तर मेन जेट, पेट्रोलची धार, आणि वाटीला हवा देणारी नळी. या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. पावसाळ्यानंतर हे आवर्जून बघा, मेन जेट तीनदा साफ करूनही न सुटलेलं कोडं इथे सुटतं.

किटमधला नवा जेट घालून गाडी बिघडली असेल तर जुन्या आणि नव्या जेटवरचे आकडे ताडून बघा. आकडा सारखा असूनही स्वस्त जेटचं भोक वेगळं निघू शकतं. म्हणून जुना जेट साफ होत असेल तर तोच ठेवावा, असं माझं मत.

सेटिंग

थंड इंजिनवर केलेली सेटिंग टिकत नाही. दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा, मगच पेचकस घ्या. मिक्श्चर स्क्रू जुन्या लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर लावा. लिहायचं राहिलं असेल तर हलकेच आत टेकवून दीड ते दोन फेऱ्या बाहेर, इथून सुरुवात. स्लोच्या स्क्रूनं गाडी जेमतेम उभी राहील इतकी ठेवा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत जा आणि आवाज ऐका. जिथे इंजिन सर्वांत मोकळं आणि सलग चालतं तिथे थांबा, मग स्लो पुन्हा कमी करा. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांचा स्लो मिनिटाला 1,400 फेऱ्यांच्या आसपास असतो.

एक घोळ इथे नेहमी होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत फिरवला की पेट्रोल कमी. मित्राची गाडी बघून आपली सेट करणारा इथेच फसतो.

थोडं पेट्रोल कमी पडल्याची लक्षणं, म्हणजे मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, प्लग पांढरट, जुन्या गाड्यांत आता जास्त दिसतात. शुद्ध पेट्रोल जळायला 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलवाल्याला साधारण 13.5 पट. जेट तेच राहिले, म्हणजे गाडीला पेट्रोल किंचित कमीच मिळतं. त्यासाठी मिक्श्चर स्क्रू पाव फेरी पेट्रोल वाढेल असा फिरवून आठवडाभर चालवा आणि प्लग बघा. कॉफीच्या रंगाचा आला तर सोडून द्या. काळा, काजळीचा आला तर परत मागे.

जिथे आपला इलाज संपतो

वाटीच्या स्क्रूचे आटे गेले असतील आणि भोक खोल असेल तर किंचित लांब स्क्रू खालच्या चांगल्या आट्यांना धरतो. नाहीतर लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घ्या. एम-सील पेट्रोलमध्ये टिकत नाही.

पिस्टन बॉडीत खडखड हलत असेल, त्याच्या अंगावर उभे ओरखडे असतील, तर कितीही साफ करा, स्लो बसणार नाही. फिल्टर नसताना वर्षभर पांदणीतून चालवलेल्या गाडीचं हेच होतं. फ्लोटचा खांब मोडला किंवा मिक्श्चर स्क्रूचं टोक आत अडकलं तरी तसंच. मग सबंध कार्बोरेटरच आणावा. दुकानात जाताना जुना सोबत न्या, बॉडीवरचा नंबर, कानाच्या भोकांतलं अंतर आणि गळ्याचं माप दुकानातच जुळवा. गाडीचं नाव सांगून घेतलेला दरवेळी बसतोच असं नाही, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कार्बोरेटर बदललेले असतात. नवा घरी आणल्यावरही वाटी एकदा खोलून आत धातूचा चुरा नाही ना ते बघा आणि हातात धरून करायची ती पेट्रोलची चाचणी करून मगच लावा. जुना भंगारात देऊ नका. त्याचे जेट, स्प्रिंगा आणि झाकण एका डब्यात ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत दुकानं बंद असताना गावात कोणाची तरी गाडी त्याच्यावर निघते.